त्याने सांगितलेलं बालपण

मित्रांनो, मी तुरुंगातल्या डॉक्टरांचा टेपरेकॉर्डर आहे. आता कपाटाच्या तळाच्या खणात, फायलींच्या मागे पडून असतो. दिवसचे दिवस माझ्याशी कोणी एक शब्द बोलत नाही. एके काळी जे कुणापुढेही बोलायचे नाहीत, ते माझ्यापुढे बोलायचे.

कारखान्यात एका बाईंनी माझ्यापुढे "एक, दोन, तीन" म्हटलं, तो मी ऐकलेला पहिला आवाज. मला वाटलं, आता जन्मभर गाणी ऐकू. नशीब बघा, रवानगी झाली तुरुंगात! उंचावर एक खिडकी, जमिनीला पक्कं केलेलं टेबल, दोन खुर्च्या आणि मी. एकामागून एक माणसं मारणारा माणूस तसा का होतो, हे डॉक्टर वीस वर्षं शोधत होते. दुपारी डबा खाता खाता ते मलाच सांगायचे, "कुणाला लहानपणी मार बसलेला असतो, कुणाच्या डोक्याला इजा झालेली असते, कुणाला दुसऱ्याचं दुःख मुळात जाणवतच नाही. बहुधा यातलं दोन-तीन एकत्र येतं. आणि हे सगळं भोगूनही हजारो माणसं सरळ जगतात." मला ते तोंडपाठ झालं होतं. "हा मला कधी दगा देत नाही," असं म्हणून ते माझ्यावर थोपटायचे, तेव्हा मी फुशारून जायचो.

मग तो आला. त्याने चार जणांचा जीव घेतला होता. पहारेकरी त्याला गोडबोल्या म्हणायचे. त्याच्या बारा कॅसेटी झाल्या.

"आई मला अडगळीच्या खोलीत कोंडायची," तो सांगायचा. "मी दाराच्या फटी मोजत बसायचो. सात होत्या."

"तेव्हा राग यायचा?" डॉक्टर हळुवार विचारायचे.

"यायचा ना. फार यायचा."

डॉक्टर जे पुढे करायचे, ते हा उचलायचा. मला ते खटकायचं. पण मला विचारतंय कोण?

डॉक्टरांनी कोर्टासाठी लिहिलेल्या अहवालात पानोपानी आईचा निष्ठुरपणा आला. त्यातलं थोडं वर्तमानपत्रात छापून आलं. आठवड्याभरात त्याची धाकटी बहीण डॉक्टरांकडे आली. ती शिवणकाम करायची. डॉक्टरांनी सवयीने माझं बटण दाबलं.

"शेजारी आईच्या तोंडावर दार लावतात," ती म्हणाली. "डॉक्टर, कोंडायचे ते वडील. आणि कोंडायचे मला. दादा बाहेर बसून हसायचा. आई कामावरून आली की धावत येऊन कडी काढायची."

"पण ताई, त्याला तर फटीसुद्धा आठवतात."

"मीच सांगितल्या होत्या त्याला, मोठी झाल्यावर. दुसरं कोणाला सांगणार होते?" ती पुढे म्हणाली, "मी त्याच घरात वाढले. मी कुणाला बोटही लावलं नाही. मग दादाने असं का केलं?"

"मला कळलेलं नाही," डॉक्टर म्हणाले. इतकं खरं वाक्य मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं.

त्यांनी अहवालातली ती पानं काढून टाकली आणि चूक झाल्याचं कोर्टाला कळवलं. मग मला पिशवीत घालून ते आईच्या घरी गेले. म्हातारी पलंगाच्या कडेला बसली होती. डॉक्टरांनी हात जोडले. "मावशी, मी त्याच्या एकट्याचंच ऐकलं. माझं चुकलं."

तिचं लक्ष माझ्याकडे होतं. "त्याचा आवाज आहे यात?"

"आहे. पण तो तुमच्याबद्दल खोटं बोललाय."

"बोलू दे. लावा."

मला बोलावं लागलं. त्या दिवशी मला माझ्या पोटातल्या आवाजाची लाज वाटली. आई मला कोंडायची, हे वाक्यही तिने ऐकलं. बटण बंद झालं तेव्हा तिने पदराने डोळे पुसले.

"घसा बसलाय त्याचा," ती म्हणाली.

पुढे बोटभर लांबीचं नवं यंत्र आलं आणि मी या खणात आलो. त्या बहिणीची कॅसेट अजून माझ्या पोटात आहे. ती कोणी पुन्हा ऐकली नाही. मित्रांनो, माझ्यावरची धूळ राहू दे. एखाद्या घरात भयंकर काही घडलं की 'का घडलं' हे विचारायला सगळे धावतात. त्या घरात मागे राहिलेल्यांना 'कशा आहात' एवढं विचारायला कोणी जात नाही. तुम्ही जा.