कच्चा कोर

ओव्हनचं दार सताड उघडं होतं, आतल्या ट्रेमधला एक कोर गायब होता आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती.

आमची ओतशाळा घरचीच. सासरे साचे बांधतात, नवरा भट्टी सांभाळतो आणि रस ओततो, कोर मी करते. कोर म्हणजे वाळूचा गाभा. पंपाचं पोट पोकळ राहायला हवं, म्हणून साच्यात त्या आकाराची घट्ट वाळू बसवायची. भोवती लोखंडाचा रस भरतो, आणि तो गार झाला की वाळू खरवडून काढायची. ही वाळू काकवीत कालवलेली असते, ती आतपर्यंत भाजावी लागते. वरून खमंग आणि आत ओली राहिली, तर रस पडताच तिची वाफ होते आणि रस ज्या भोकातून ओतला त्याच भोकातून उसळून वर येतो. तिथेच माझा नवरा वाकून उभा असतो.

“आबा, कोर कुणी काढला?”

सासरे साच्याच्या पेटीचे क्लॅम्प आवळत होते. “मी. साच्यात बसवलाही. छान भाजलाय. गिऱ्हाईक कधीचं दारात उभंय.”

“अहो, आत्ता तर ठेवला होता मी! आत ओला असणार तो.”

“माझे केस काय उन्हाने पांढरे झालेत?”

झालं. घरात भाजीत मीठ जास्त पडलं तरी हेच वाक्य, आणि त्याच्यापुढे सगळ्यांनी गप्प बसायचं.

“पेटी उघडा,” मी म्हटलं.

“बांधलेला साचा उघडला की मोडतो. पुन्हा कोण बांधणार, तुझे वडील?”

माझ्या वडिलांना मध्ये आणायचं काय कारण? पण तेवढ्यात नवरा भट्टीवरून रसाने भरलेलं लेडल, म्हणजे ओतायचा लांब दांड्याचा पळा, घेऊन आला.

“अहो, ओतू नका. कोर कच्चा आहे.”

त्याने आबांकडे बघितलं. लग्न झाल्यापासून बघतेय, बापापुढे हा माणूस ब्र काढत नाही. माझ्यापुढे मात्र चहा गार झाला तरी भाषण.

“आबा म्हणतायत भाजलाय,” तो म्हणाला.

मी सरळ जाऊन पेटीवर बसले. ओतायच्या भोकावरच.

“ऊठ!” आबा ओरडले. “रस गार होतोय!”

“होऊ दे.”

“अगं ऊठ ना,” नवरा कळवळून म्हणाला. “बाहेर माणसं आहेत. तमाशा नको.”

तमाशा! याचे डोळे जायची वेळ आली होती आणि याला माणसांची पडली होती. मला रडू फुटलं. दुःखाचं नाही, संतापाचं. डोळे पुसायचीही मला गरज वाटली नाही.

“ठीक आहे, उठते. पण लेडल आबांच्या हातात द्या. छान भाजलाय ना? मग त्यांनीच ओतावं.”

मी उठून बाजूला झाले. नवऱ्याने लेडलचा दांडा वडिलांपुढे केला. आबांनी हात पुढे केला, भोकाकडे बघितलं आणि ते एक पाऊल मागे सरकले.

“खांदा दुखतोय माझा सकाळपासून,” ते म्हणाले.

नवरा क्षणभर त्यांच्याकडे बघत राहिला. मग वळला आणि सगळा रस कोपऱ्यातल्या कोरड्या वाळूच्या चरात ओतून आला. आबा गिऱ्हाइकाची समजूत घालायला बाहेर गेले. जाताना खांद्यावर हात ठेवायला विसरले नाहीत.

आम्ही दोघांनी पेटी उघडली. मी कोर काढून मोडला. आतली वाळू काळपट, ओलसर. मुठीत दाबली तर लाडवासारखी वळली. नवऱ्याचा चेहरा खर्रकन उतरला.

“वाचवलंस गं तू मला,” तो हळूच म्हणाला.

“मी? मी सांगत होते तेव्हा तुम्ही लेडल धरून उभेच होतात. आबा मागे सरकले नसते, तर ओतलं असतं ना तुम्ही?”

नाही म्हणाला असता, तर ते खोटं आहे हे कळूनही मी ऐकून घेतलं असतं. तो खाली वाकून वाळू गोळा करायला लागला.