मिटू आता?

मेघाला कालपासून एका जागी बसवत नव्हतं. कुंभिवलीच्या गोदामात ती गेटवर ट्रक आत सोडायची. कुठला आधी, कुठला मागून, यावरून ड्रायव्हरांची रोज हमरीतुमरी. त्या भांडणाला कंटाळून तिने स्वतःच नंबर लावणारा प्रोग्राम लिहिला होता. ते बघून काल गोदामाचे मॅनेजर जगदीशसाहेब म्हणाले, "उद्या माझ्यासमोर त्यात बदल करून दाखव. जमलं तर गेट सुटलं, वर ऑफिसात कॉम्प्युटरवर बसायचं." धूळ खाऊन पोरीचा जीव विटला होता. हे जमायलाच हवं होतं.

अडचण एकच. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर काही म्हणता काही बसवू देत नसत. पण ब्राउझर तर होता! मग तिने पळसदरीला घरच्या, लिनक्सवर चालणाऱ्या जुन्या लॅपटॉपवर ब्राउझरमध्ये उघडणारा, प्रोग्राम लिहायचा कोड एडिटर बसवायला घेतला. म्हणजे प्रोग्राम घरी चालणार, ही ऑफिसात बसून लिहिणार. आधी पासवर्डच घेईना. एडिटरने स्वतःच ठरवलेला पासवर्ड कुठल्या फाइलीत लिहून ठेवलाय, हे शोधताना नाकी नऊ आले. मग इंटरनेटवरून घरच्या लॅपटॉपपर्यंत पोचायची वाट जोडली आणि मोबाइलवर उघडून बघितलं. उघडलं! सकाळी निघताना पुन्हा बघितलं, रिक्षात पुन्हा. चैन म्हणून नव्हती बाईला.

दुपारी साहेब खुर्ची ओढून शेजारी बसले. मेघाने पत्ता टाकला. पांढरा पडदा. पुन्हा टाकला. पांढराच. आई-बाबा दहिवलीला लग्नाला गेलेले, घरी आजोबा, म्हणजे आबाजी, एकटे. तिने त्यांना फोन लावला.

"आबा, लॅपटॉप चालू हाय ना?"

"मिटून ठेवला गं. उघडाच टाकून गेलीस. वरून फडकंबी घातलंय."

झालं! आबाजींची सवयच ती. कुणी पुस्तक उघडं टाकून उठलं की ते मिटायचं, पुसून फळीवर ठेवायचं. विद्या अशी उघड्यावर टाकतात होय? आता झाकण मिटलं की लॅपटॉप झोपतो आणि एडिटरही बंद पडतो, हे त्यांना कोण सांगणार? मेघानेच सांगायला हवं होतं. पण तिने साहेबांदेखत तोंड सोडलं.

"कोणी सांगितलं होतं हात लावायला? उघडा आधी! आणि मी सांगेपर्यंत मिटायचा नाय, कळलं?"

पलीकडे फडकं काढल्याचा आवाज आला. मग हळू आवाजात, "उघडला, बाय."

पडदा भरला. ज्यात नाशवंत माल असेल तो ट्रक पुढे घे, साहेबांनी सांगितलं. तिने तेवढ्या ओळी बदलल्या, प्रोग्राम चालवला. साहेबांनी उलटसुलट तपासलं आणि म्हणाले, "सोमवारपासून वर बस."

मग काय विचारता! गेटवरच्या अक्षयने वडापाव मागवले, सगळ्यांनी मॅडम-मॅडम करून तिला हैराण केलं. आईला फोन झाला, मैत्रिणींना झाला, मामालाही झाला.

दिवेलागणीला ती घरी पोचली. आबाजी लॅपटॉपसमोर बसलेले, एका हाताने झाकण मागून धरून. शेजारची येसूबाई दारातूनच म्हणाली, "दुपारपासनं असंच हायत बघ. चहा दिला तोबी घेतला नाय."

साऱ्या जगाला फोन केले आणि ह्यांनाच करायचा राहिला.

आबाजींनी मान वर केली.

"आलीस? मिटू आता?"