पळूनये

सविताने मुखपृष्ठाचा कागद उचलला, उलटा केला आणि टेबलावर आपटला.

"हे नाव राहणार असेल, तर माझा लेख काढून टाका."

"लेख?" आता दवाखाना सांभाळणारे डॉ. दीपक हसले. "सविताताई, त्याला लेख नाही म्हणत. त्याला चहाडी म्हणतात. आणि तीही गेलेल्या माणसाची."

गंगापूर रोडवरच्या दवाखान्याच्या मागच्या खोलीत चौघं बसले होते. दुपारची वेळ, पेशंट नव्हते. डॉ. धनराज खैरनार जाऊन महिना होत आला होता. तीस वर्षं त्यांनी जिल्ह्यातल्या धावपटूंचे गुडघे, घोटे आणि नडग्या सांभाळल्या. त्यांच्यावर सहकाऱ्यांच्या आठवणींची स्मरणिका निघत होती आणि तिचं संपादन रंगनाथकडे आलं होतं. बावीस वर्षं त्याने इथे केसपेपर लिहिले. निवृत्तीनंतर तो वाचनालयाशिवाय कुठे दिसत नसे. एवढ्याच भांडवलावर सगळ्यांनी त्याला संपादक केलं. त्याला नाही म्हणता आलं नव्हतं.

मुखपृष्ठावर स्मरणिकेचं नाव म्हणून सरांचं वाक्य होतं : 'जा, पळून ये!' बऱ्या झालेल्या खेळाडूच्या पाठीवर थाप मारून सर हेच सांगत. सतरा आठवणींपैकी बारांमध्ये ते आलं होतं. एक्स-रे काढणाऱ्या संतोषने तर ते दोनदा लिहिलं होतं.

"सर म्हंजे लय निराळा माणूस," संतोष म्हणाला. "आधी बोट, मग फोटो. नडगीवरून अंगठा फिरवायचे न विचारायचे, 'काय शे, इथं दुखतं?' सटाण्याची बोली सोडली नाय कधी. अंगठा थांबला, की त्याच जागी माझ्या फोटोत तडा निघायचा. अशा देवमाणसाने तुझा बळी दिला म्हणतेस तू?"

"दिलाच."

"बळी पूजाचा गेला," दीपक म्हणाले. "तुमचं फक्त नाव गेलं. तेही तुमच्याच कर्माने."

रंगनाथने चष्मा काढून पुसला. तो स्वच्छच होता.

पूजा म्हणजे पेठकडच्या केरूची मुलगी. नऊ वर्षांपूर्वी ती सतरा वर्षांची होती आणि पाच हजार मीटर पळायची. नडगीला केसाएवढा तडा होता. रविवारी विभागीय स्पर्धा होती. शुक्रवारी सरांनी तपासलं आणि ते परगावी निघून गेले. संध्याकाळी चिठ्ठी पूजाच्या हातात दिली ती सविताने, दवाखान्याच्या फिजिओने. पूजा रविवारी पळाली. नवव्या फेरीला हाड मोडलं. त्यानंतर ती कधी पळाली नाही. 'चिठ्ठीतच पळ म्हणून लिहिलंय,' असं ती सांगत राहिली, पण तिचं कोणी मानलं नाही. चिठ्ठीत मनाई होती आणि सविताने ती समजावून सांगितली नाही, असं ठरलं. संघांबरोबर जाणं सविताचं बंद झालं. मैदानावर दिसली की प्रशिक्षक म्हणत, "आली चिठ्ठीवाली."

सविताने मोबाइल उघडून टेबलाच्या मधोमध ठेवला. चिठ्ठीचा फोटो होता. सुंदर, वळणदार अक्षर, वर एका दमात ओढलेली शिरोरेषा : 'रविवारी पळूनये. सोमवारी दाखवणे.'

"पळू नये," दीपक म्हणाले. "स्पष्ट तर आहे."

"स्पष्ट? पूजाने वाचलं, पळून ये. मीही तेच वाचलं. दिवसातून दहा वेळा सरांच्या तोंडून तेच ऐकत होतो आम्ही. आणि तुम्ही आता तेच ठळक अक्षरांत छापताय!"

"मग सोमवारी दाखवणे कशाला लिहिलं असतं?"

"पळून आल्यावर दाखवायला!"

संतोषला हसू आलं, पण दीपककडे बघून त्याने ते गिळलं.

"बरं, हे अक्षर कोणाचं, ते तरी बोल," तो सविताला म्हणाला. "सरांचं नाय. सरांचं अक्षर म्हंजे मुंग्यांची वारुळं."

सविता फोटोकडेच बघत राहिली. लेखातही तिने एवढंच लिहिलं होतं : 'चिठ्ठी सरांच्या सांगण्यावरून कोणीतरी लिहिली होती.'

"माझं आहे," रंगनाथ म्हणाला.

पंख्याच्या आवाजात ते कोणाला ऐकू गेलं नाही. त्याने पुन्हा म्हटलं, "ते अक्षर माझं आहे."

"काका, तुम्ही मध्ये पडू नका," दीपक वैतागले. "कोणाचंही ओझं डोक्यावर घ्यायची खोडच आहे तुम्हाला. माझ्या लग्नात दुसऱ्याच्या हातून पडलेल्या वाटीची माफी तुम्ही मागितली होती." त्यांनी कागद आणि पेन पुढे सरकवलं. "लिहून दाखवा बरं."

रंगनाथने लिहिलं. सुटं, थरथरतं अक्षर. 'पळू' आणि 'नये' यांच्यामध्ये दोन बोटांची मोकळी जागा.

"काका, यातून तर रिक्षा जाईल!" संतोष म्हणाला.

"झालं?" दीपकनी कागद सविताच्या पुढ्यात सरकवला. "कुठलं हे अक्षर आणि कुठलं ते. भोळ्या माणसाला कशाला पुढे करता?"

"तिने नाही केलं," रंगनाथ म्हणाला. "माझं अक्षर त्या सोमवारपासून असं झालंय. तुम्ही दोघं नंतर आलात, आधीचं पाहिलं नाही. केरू काउंटरवर आला होता. त्याने चिठ्ठी माझ्यापुढे ठेवली. म्हणाला, 'वाचा ना भाऊ, काय लिवलंय?'"

"मग?"

"मला दोन्ही दिसलं. मी त्याला 'पळू नये' वाचून दाखवलं. तो पोरीला शिव्या देत गेला."

सविता त्याच्याकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर मघाचा राग नव्हता, दुसरा होता.

"तुम्हाला माहीत होतं?"

रंगनाथने होकारार्थी मान हलवली.

"सरांनी अक्षर ओळखलं होतं," ती सावकाश म्हणाली. "मला आत बोलावून म्हणाले, 'रंगनाथला कळलं तर तो जिवाचं काहीतरी करून घेईल. बायको अंथरुणाला खिळलेली. तू तरुण आहेस, निभावून नेशील.' म्हणून मी गप्प बसले. रोज काउंटरवरून तुमच्या हातून केसपेपर घेत होते आणि मनात म्हणत होते, बिचाऱ्याला माहीत नाही."

"सर असे..." संतोषने वाक्य अर्धवट सोडलं.

"हे छापायचं नाही," दीपक म्हणाले. "एक ओळही नाही. सरांच्या नावाला..."

"संपादक मी आहे," रंगनाथ म्हणाला. त्याचा आवाज चिरका निघाला, आणि त्याचं त्यालाच शरमल्यासारखं झालं. पण त्याने गठ्ठ्यातून सविताची दोन पानं शोधून काढली. 'कोणीतरी' या शब्दावर आडवी रेघ मारली, आणि वर लिहिलं : रंगनाथ.

पानं त्याने तिच्याकडे सरकवली.

सविताने त्यांना हात लावला नाही. नुसतं वाकून वाचलं.

"आडनाव लिहा, काका," ती म्हणाली.