काळोखातल्या साडेसहाशे पिढ्या

"आधी दिवा लाव," माझी मुलगी म्हणाली.

"इथे दिवा लावायचा नसतो. अठ्ठावीस वर्षांत लावलेला नाही."

पाच महिन्यांच्या बाळाला छातीशी धरून ती दारातच थबकली. स्वतःचा हात दिसू नये इतका काळोख, आणि चहूबाजूंनी बारीक गुणगुण. फळ्यांवर दोनशे बाटल्या, बाटल्यांत फळमाश्या. पिकल्या केळ्यांवर घोंघावतात ना, तीच चिलटं. पिढ्यान्‌पिढ्या उजेड मिळाला नाही तर त्यांच्यात काय बदलतं, हे आमच्या प्रयोगशाळेतल्या सरांना पाहायचंय. दर पंधरा दिवसांनी नवी पिढी चाचपडत नव्या बाटलीत घालायची, हे माझं काम. लोक मला माशीबाई म्हणतात. म्हणोत बापडे.

"आई, कुठे आहेस?"

"तुझ्या मागेच."

केवढी दचकली! पावलं वाजवायची मला तिथे सवयच उरलेली नाही.

रविवारी दुपारी तिला मी हट्टानं आणलं होतं. बाळाला दिसत नाही हे कळल्यापासून तिनं मला त्याला हात लावू दिला नव्हता. एकदाही नाही. "मी पोटात असताना तू त्या काळोखात उभी राहायचीस. तोच माझ्यातून याच्या डोळ्यांत उतरला," म्हणाली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आणि मग मनात आलं, खरंच तसं असेल तर? सरांचं बोलणं ऐकून ऐकून विज्ञान मला तोंडपाठ आहे. पण नातवाचे डोळे समोर आले की तोंडपाठाचं काय घेऊन बसलात!

"या माश्या आंधळ्याच असतील," मुलगी कुजबुजली.

जो येतो तो हेच म्हणतो. वापरलं नाही की अवयव झडतो, आणि झडलेला तसाच पोरांना मिळतो, अशी प्रत्येकाची खात्री. मी टाकून द्यायची एक बाटली उचलली, दोघांना मधल्या छोट्या खोलीत आणलं, आतलं दार लावलं आणि बॅटरी पेटवली.

साडेसहाशेहून जास्त पिढ्या उजेड न पाहिलेल्या त्या माश्या क्षणभर गप्प बसल्या. मग सगळ्या एकदम बॅटरीकडच्या काचेवर गोळा झाल्या. मी बॅटरी दुसरीकडे नेली. त्या दुसरीकडे आल्या. शेकडो लाल डोळे, एकाच दिशेला. माझ्याच अंगावर काटा आला.

"दिसतंय यांना," मुलगी म्हणाली.

"काळोख डोळे काढून नेत नाही गं. अंड्यात जनुकांची नक्कल होताना कधीतरी एखादं अक्षर चुकतं, एवढंच. ते काळोख बघून चुकत नाही, आणि कुणाला हवं म्हणूनही चुकत नाही. एकदा यांच्यात पांढऱ्या डोळ्यांची माशी निघाली. सर नाचायचेच बाकी होते! महिन्याभरात वरच्या मजल्यावर, लख्ख उजेडातल्या बाटलीतही तशीच निघाली."

"डॉक्टरही तेच म्हणाले. ती चूक माझ्यात नाही, याच्या बाबातही नाही. याच्यातच नव्यानं चुकलंय."

तिनं माझ्या हातून बॅटरी घेतली आणि बाळाच्या तोंडाकडे वळवली. डावीकडे नेली, उजवीकडे नेली. बाळाचे डोळे होते तिथेच राहिले. काचेवर माश्या मात्र इकडून तिकडे पळत होत्या. मला ते बघवेना.

"म्हणजे तुझा दोष नाही."

"नाही."

"माझाही?"

"नाही गं राणी. कुणाचाच नाही."

"कुणाचा तरी असता तर बरं झालं असतं, आई. भांडता तरी आलं असतं."

तिनं बॅटरी बंद केली. या काळोखात मी कितीतरी जणांना आणलंय, साहेब, विद्यार्थी, वायरमन. प्रत्येकाचा श्वास अडकतो. बाळाचा श्वास होता तसाच चालला होता. मग माझ्या हातांना काहीतरी उबदार लागलं.

"धर," मुलगी म्हणाली.

मी धरलं. कपाळ, भुवया, हनुवटी, सगळं बोटांनी पाहून घेतलं. तोही माझ्या तोंडावर आपला चिमुकला हात फिरवत होता, कसलीही घाई न करता. मग त्याला माझं नाक सापडलं, आणि ते त्यानं घट्ट धरून ठेवलं.