दीड बोट

देवानं त्याला घडवायला पावलांपासून सुरुवात केली असणार. पावलं झाली ऐसपैस, बघत राहावी अशी, आणि तेवढ्यात माती संपली. मग उरलेला माणूस पाच फुटांत आटोपता घ्यावा लागला. लोक त्याला भिंगरी म्हणत. आई म्हणायची, "ह्याच्या पायाला चाक आहे. हा काही घरात टिकायचा नाही."

टिकला नाहीच. एकदा टेकडीवरून उतरताना त्याला शिंक आली, ती खालच्या चौकात त्याच्यानंतर पोचली. रोज तो घरी येऊन, हातपाय धुऊन बसला की दहा मिनिटांनी त्याची सावली धापा टाकत यायची आणि उंबऱ्यातच आडवी व्हायची. खोटं वाटत असेल तर पुलापलीकडच्या न्हाव्याला विचारा. ती शिंक त्यानं स्वतःच्या कानांनी ऐकली आहे.

सायकल बनवली होती धाकट्या भावानं. धाकटा फ्रेम बनवायचा. नळ्या कापायचा, कानशीनं घासायचा, पितळ वितळवून सांधे जोडायचा. माणूस लहान म्हणून फ्रेम लहान, फ्रेम लहान म्हणून पुढचं चाक पायडलला खेटून, आणि पाऊल तर हे असं. धाकट्यानं दादाला सायकलवर बसवलं, पायडल पुढे आणलं, हँडल वळवलं. बुटाचं टोक चाकाला अडलं. त्यानं बोटं लावून मोजलं.

"दादा, दीड बोट लागतंय. पुढची नळी लांब घेतो. सायकल जरा सुस्त होईल, पण पाय मोकळा राहील."

"सुस्त सायकल तुझ्या सासऱ्याला दे."

"वळताना आपटशील."

"अरे येड्या, वेगात हँडल कोण वळवतं? वेगात नुसतं अंग कलतं करायचं, सायकल आपली आपण वळते. हँडल वळवावं लागतं हळू जाणाऱ्याला. मी कधी हळू जाणार?"

ह्या प्रश्नाचं उत्तर यायला बेचाळीस वर्षं लागायची होती.

न्हाव्याच्या दुकानासमोर दिव्याचा खांब होता. रोज सकाळी पूल ओलांडून भिंगरी तिथवर यायचा, खांबाला वळसा घालायचा आणि आला तसा परत. त्या खांबापाशी त्याला स्वर्ग दोन बोटं उरायचा. लग्नाच्या पहिल्या वर्षी तो बायकोला मुद्दाम तो वळसा दाखवायला घेऊन आला. ती म्हणाली, "एक दिवस पडाल."

"ज्या दिवशी ह्या खांबाला वळताना माझा पाय जमिनीला टेकेल," तो म्हणाला, "त्या दिवसापासून सायकलला हात लावणार नाही. शब्द!"

"ऐकलंत ना, भाऊजी?" तिनं न्हाव्याला विचारलं.

"ऐकलं, वहिनी. वस्तऱ्यानं कोरून ठेवलं."

त्यानंतर रोज सकाळी न्हावी दारात उभा राहून ओरडायचा, "काय दादा, टेकला का पाय?" आणि भिंगरी ओरडायचा, "तुझ्या टकलावर टेकवतो, थांब!" बायको जाऊन आता सहा वर्षं झाली होती. घर फक्त झोपण्यापुरतं उरलं होतं. दिवसातलं बोलणं म्हणाल तर ही दोन वाक्यं, आणि त्यातलं आपलं तो सायकलवरूनच बोलायचा.

यंदाच्या थंडीत खांबाला वळताना पहिल्यांदा आवाज आला. खर्र. बुटाचं टोक चाकाला घासलं होतं. आठवड्याभरात ते रोजचंच झालं. एकदा तर हँडल असं हिसकलं, की तो पडता पडता राहिला.

त्यानं आधी बुटांना शिव्या घातल्या. मग सुरी घेऊन बुटांची टोकंच कापली आणि आत बोटं मुडपून बसला. अर्धं बोट वाचलं. तरी चाक लागायचंच. शेवटी तो सायकल घेऊन धाकट्याकडे गेला.

"तुझी फ्रेम थंडीनं आटलीय."

धाकट्यानं टेप लावली. "होती तेवढीच आहे."

"मग माझं पाऊल वाढलं."

"एकाहत्तराव्या वर्षी?"

"मग चाक आत्ताच कसं लागायला लागलं?"

धाकट्यानं टेप गुंडाळली, खिशात ठेवली, पुन्हा बाहेर काढली. "दादा, चाक पहिल्यापासून लागत होतं. ते लागायच्या आत तू पुढे निघून जायचास."

भिंगरीनं ते ऐकलं. भिंतीवर नट आवळायचे पाने टांगलेले होते, ते त्यानं एक एक करून पाहिले, जणू त्यातला एखादा ह्या वाक्याला लागेल.

"बरं," तो म्हणाला, "ती लांब नळीची बनव. सुस्त तर सुस्त."

धाकटा उठला. फळीच्या मागून त्यानं कापडात बांधलेल्या नळ्या काढल्या. "दहा वर्षांपूर्वी कापून ठेवल्या. तुझ्याच मापाच्या. तेव्हा तुला विचारलं होतं."

"मी काय म्हणालो?"

"सासऱ्याला दे म्हणालास. सासरे कधीच गेले होते."

दोघंही हसले. धाकट्यानं पाण्याचा पेला उचलून दादापुढे धरला. पेला त्याच्या हातात असा थरथरत होता, की दादाच्या हाती येईपर्यंत अर्धं पाणी नळ्यांवर सांडलं. "ह्या हातानं सांधा जोडू? तू पुलावर असताना सुटेल तो."

भिंगरीनं नळ्या पुसल्या. आतून तांबूस गंज कापडावर आला.

धाकट्यानं जमेल तेवढं केलं. पायडलच्या आखूड दांड्या बसवल्या. आणखी अर्धं बोट वाचलं. "अर्धंच उरलं रे," भिंगरी म्हणाला. "अर्ध्या बोटाचं मी बघतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो पुलावर आला. अंगात होता नव्हता तेवढा जोर लावला. बाजूनं शाळेची पोरं चालत गेली, पुढे गेली. खांब आला. त्यानं अंग कलतं केलं. सायकल पडायला लागली, कारण कलत्या अंगाला सावरायला वेग असावा लागतो. म्हणून हँडल वळवलं. डावा पाय पुढे होता. खर्र. चाक अडलं, हँडल हिसकलं आणि उजवा पाय, तो भलामोठा, टोक कापलेल्या बुटातला, धप्पकन रस्त्यावर आला.

त्यानं दाराकडे पाहिलं. न्हावी दारातच होता. त्यानं मान फिरवली, आत गेला आणि झाडू घेऊन लादी झाडायला लागला. अजून एकही गिऱ्हाईक आलं नव्हतं. लादीवर केसही नव्हता.

"पाहिलंस ना?" भिंगरी ओरडला.

"काय, दादा? मी आत होतो."

"दारात होतास."

"डोळ्यात केस गेला होता."

"पाय टेकला माझा. तुझ्या वहिनीला शब्द दिला होता."

"कसला शब्द?" न्हावी लादीशी बोलावं तसं बोलला. "मला काही आठवत नाही बुवा. तुम्ही या की उद्या."

बेचाळीस वर्षं ह्या माणसानं एक सकाळ टोमण्यावाचून सोडली नव्हती. आज एक टोमणा मिळाला असता, तर भिंगरीनं तो घरापर्यंत पुरवला असता. दाराशी उभा राहून त्यानं वाट पाहिली. आत रिकाम्या लादीवर झाडू फिरत राहिला. शब्द मोडायला परवानगी होती, आणि तो पाळला काय, मोडला काय, विचारणारं कुणी नव्हतं.

तो खाली उतरला. सायकल हातात धरून चालू लागला. पुलाच्या टोकाला वळण होतं; हँडल पुरतं वळवलं, तरी पायाला काही लागलं नाही.

ऊन पाठीवर होतं. सावली आज त्याच्या पुढे चालत होती. घराशी तीच आधी पोचली, आणि बंद दारावर उभी राहिली.