पहिला उजेड साडूचा

धाकट्यांच्या स्वयंपाकघरातला नळ बायको गेल्यापासून गळत होता. वॉशर बदलला की झालं, इतकं सोपं काम. पण घरात आवाज करणारा तेवढाच उरला होता, म्हणून धाकटे ते काम रोज उद्यावर ढकलत. शेवटी खालच्या मजल्यावरच्या बाई आपल्या छताची ओल दाखवायला त्यांना हाताला धरूनच घेऊन गेल्या, तेव्हा कुठे ते पिशवी घेऊन बाहेर पडले.

त्यांना धाकटे म्हणत ते सासुरवाडीमुळे. सासऱ्यांना दोन मुली, दोन जावई. एक थोरले, एक धाकटे. पुढे केस गेले, कवळी आली, नोकरी संपली, तरी धाकट्यांना बढती काही मिळाली नाही.

कोपऱ्यावरचं हार्डवेअरचं दुकान बंद होऊन तिथे आता दुमजली स्टोअर झालं होतं. सुईपासून सोफ्यापर्यंत सगळं मिळे, आपल्याला हवं असेल तेवढं सोडून. वॉशर शोधत धाकटे बादल्यांमधून पडद्यांत आणि पडद्यांमधून सहलीच्या सामानात पोचले. तिथे खोट्या गवतावर तंबू ठोकला होता, तंबूपुढे लाकडं रचली होती, आणि त्या लाकडांना टेकवून एक पितळी टॉर्च ठेवली होती.

धाकट्यांनी चष्मा पुसला. मग खाली वाकून बटणावरची धूळ अंगठ्याने पुसली. बटणावर मासा कोरलेला होता.

आता हा मासा म्हणजे काय, ते सांगायला हवं. लग्नानंतर हे दोन साडू पहिल्यांदा एका खोलीत बसले, तेव्हा त्यांच्याकडे बोलायला काही म्हणजे काही नव्हतं. हवापाण्याचं बोलून झालं, ऑफिसचं बोलून झालं. तेवढ्यात दिवे गेले, आणि अंधारात दोघांनीही एकदमच आपापल्या पिशवीतून टॉर्च काढली. तिथून जे सुरू झालं ते आयुष्यभर पुरलं. जुन्या बाजारातून, भंगारातून, कुणाच्या माळ्यावरून दोघे टॉर्च गोळा करत राहिले. इतकी वर्षं झाली तरी एकमेकांना साडूभाऊच म्हणत, अहो-जाहोच करत. आणि त्यांचा एक नियम होता. टॉर्च ज्याला सापडेल त्याची, पण पहिला उजेड दुसऱ्याने पाडायचा. ज्याला सापडली त्याने तोवर तिच्यात सेलसुद्धा घालायचे नाहीत. हा नियम मुळात बायकांनीच केला असावा असा धाकट्यांना संशय होता, कारण त्या निमित्ताने बहिणी-बहिणींची भेट होई.

मासा, म्हणजे बटणावर मासा कोरलेली ही टॉर्च, मात्र दोघांनाही कधी सापडला नव्हता. थोरल्यांच्या वडिलांकडे एक होता, तो लहानपणी थोरल्यांच्या हातून विहिरीत पडला होता. वडील गेले, विहीर बुजली, पण थोरल्यांचा तो विषय काही संपला नाही.

धाकट्यांनी टॉर्च उचलली. तळाचं झाकण फिरवून उघडलं. आत गंज नव्हता. स्प्रिंगच्या मध्ये, कागदात गुंडाळलेला जादा बल्बसुद्धा कंपनीने ठेवला तसाच होता. झाकण लावून ते सवयीने मागे वळले, कुणाला तरी दाखवायला. मागे पडदे होते.

मग त्यांना फार एकटं वाटलं. दुकानात माणसांची ये-जा होती, गाणी लागली होती, आणि जन्मभर शोधलेली वस्तू हातात घेऊन आपण रडतो की काय अशी त्यांना भीती वाटली. कारण थोरल्यांकडे जाणं तेवढं सोपं राहिलं नव्हतं. साडू हे नातं दोन बहिणींच्या गाठीवर उभं. त्यातली एक गेली, की दुसरीच्या नवऱ्याशी आपलं नातं काय? सुरुवातीला धाकटे फोन करत. थोरली मेहुणी उचले आणि म्हणे, "ते झोपलेत, भाऊजी." सकाळी झोपलेत, दुपारी झोपलेत, दिवेलागणीलाही झोपलेत. समजणाऱ्याला इशारा पुरे. धाकट्यांनी फोन करणं सोडलं, आणि तिकडूनही आला नाही.

पण नियम तर कुणी मोडला नव्हता. मासा सापडला होता, आणि पहिला उजेड थोरल्यांचा होता. एवढं एक निमित्त हातात होतं. तेही फुकट गेलं, तर मग नळाशीच बोलत बसायचं.

काउंटरवरच्या मुलीने टॉर्च उलटीपालटी करून पाहिली. "काका, हे डेकोरेशन आहे. याला कोडच नाही. बिल कसं करू?"

"काहीतरी करा."

तिने इकडेतिकडे पाहिलं, बाजूची एक प्लास्टिकची टॉर्च मशीनसमोर धरली आणि पितळी टॉर्च पिशवीत घातली. "पण सेल घालून बघा तरी. नाही लागली तर परत कशावर घेऊ?"

"ती मी नाही लावायची."

"मग कोणी?"

"साडूंनी," धाकटे म्हणाले. त्यांनी नवे सेल घेतले आणि बस पकडली. वॉशर राहून गेला.

थोरले आता शहराच्या दुसऱ्या टोकाला, मुलाच्या फ्लॅटमध्ये राहत. दार मेहुणीनेच उघडलं. ती गांगरली. तिने काही म्हणायच्या आत, ते पुन्हा झोपलेत म्हणायच्या आत, धाकट्यांनी टॉर्च पुढे धरली आणि आनंदाच्या भरात बोलून गेले, "ताई, आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन! गेलो होतो वॉशर आणायला."

मेहुणी हसली नाही. तिचे डोळे भरले. आतून थोरल्यांचा आवाज आला, "येऊ दे त्यांना. आता काय लपवायचं!"

थोरले खिडकीशी बसले होते. संध्याकाळ उतरली होती तरी खोलीत दिवा लावलेला नव्हता. त्यांनी मान वळवली ती धाकट्यांच्या जरा डावीकडे. भिंतीवरच्या फळीवर सगळ्या टॉर्च ओळीने मांडलेल्या होत्या.

"काचबिंदू," थोरले म्हणाले. "आधी कडेकडेचं गेलं, मग मधलं."

"मला सांगायचं तरी."

"काय सांगू? आपल्यात होतं काय, साडूभाऊ? उजेड. तो मला दिसत नाही म्हटल्यावर तुम्ही येणार कशाला? म्हणून हिला सांगितलं, झोपलोय म्हणत जा."

धाकट्यांना त्यांचा राग आला, आणि रागापेक्षा जास्त भरून आलं. ते शेजारी बसले आणि टॉर्च थोरल्यांच्या हातात दिली.

थोरल्यांची बोटं काचेवरून निघाली, नळीवरच्या खाचांवरून खाली आली आणि बटणावर थांबली. अंगठा शेपटीपासून तोंडापर्यंत फिरला, परत फिरला.

"मासा," थोरले म्हणाले. आवाज लहान मुलासारखा झाला होता. "सेल घातले नाहीत ना?"

"नियम आहे."

थोरल्यांनी झाकण उघडलं, धाकट्यांनी हातावर ठेवलेले सेल एकामागून एक आत सोडले, झाकण लावलं. टॉर्च भिंतीकडे धरून बटण सरकवलं. भिंत होती तशीच अंधारात राहिली.

"लागली?" थोरल्यांनी विचारलं.

धाकट्यांनी भिंतीकडे पाहिलं, मग त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. "लागली की! झकास. पार कोपऱ्यापर्यंत."

थोरल्यांनी तळहात काचेवर ठेवला आणि थोडा वेळ तसाच धरला. "काच गार आहे, साडूभाऊ."

धाकट्यांनी मान खाली घातली. मग थोरलेच हसायला लागले, आणि दोघेही खोकला येईपर्यंत हसले.

"बल्ब गेलाय," थोरले म्हणाले. त्यांनी पुन्हा झाकण उघडून सेल काढले. त्यांचं बोट झाकणाच्या आत गेलं, स्प्रिंगच्या मध्ये, कागदापाशी. तिथे ते थांबलं. धाकटे बघत होते. थोरल्यांनी बोट बाहेर काढलं आणि झाकण घट्ट फिरवून लावून टाकलं. "हा बल्ब आता मिळायचा नाही सहजासहजी."

"छे! हिंडावं लागेल," धाकटे म्हणाले.

"एका फेरीत नाहीच मिळायचा."

"नाहीच."

"मग येत जा. मिळाला नाही तरी सांगायला यायचं. उजेड पडेपर्यंत टॉर्च इथेच राहील."

मेहुणी चहा घेऊन आली होती. दारातच थांबून तिने ऐकलं. एवढी वर्षं फळीवरच्या या टॉर्चवरची धूळ तिनेच पुसली होती. "अहो, पण असल्या टॉर्चच्या झाकणात एक जादा बल्ब असतो ना?"

"ह्यात नसतो," दोघेही एकदम म्हणाले.