डल्सी मावशीचा जावई

वाळवंटातल्या रेडगम बोअर या आदिवासी वस्तीवर पहिली परिषद भरली ती दातांच्या डॉक्टरांची. माणसं चांगली होती, पण जाता जाता अर्ध्या वस्तीला आ करायला लावून गेली, आणि पुढचे दोन आठवडे जो तो दुकानात येऊन आपली कुठली दाढ किडली आहे ते सांगत बसला. त्यामुळे मेलबर्नच्या एका खुर्च्या बनवणाऱ्या कंपनीचा फोन आला तेव्हा लॉरीनला हायसं वाटलं. खुर्चीवाले कुणाच्या तोंडात डोकावणार नाहीत.

ही परिषदांची कल्पना लॉरीनचीच. अ‍ॅलिस शहरातल्या हॉटेलात तिने उमेदीची वर्षं काढली होती. मोठमोठ्या कंपन्यांची माणसं विमानाने यायची, पडदे ओढून थंडगार दालनात बसायची आणि भिंतीवर वाळवंटाची चित्रं बघून परत जायची. ते बघून बघून तिचं डोकं फिरलं होतं. वस्तीवर परतल्यावर तिने पंचांच्या मागे लागून कोरड्या नदीकाठी तंबू ठोकून घेतले, गरम पाण्याची सोय केली, जुन्या पत्र्याच्या शेडला रंग दिला. सगळे तयार झाले, फक्त तिच्या डल्सी मावशीचा होकार राहिला होता. ही जमीन मावशीच्या आईच्या आईकडून आलेली, त्यामुळे पाहुण्यांचं स्वागत तिनेच करायला हवं. मावशी म्हणाली, "स्वागत करीन. गप्पा मारणार नाही."

लॉरीनला यात काही अडचण दिसली नाही. तेव्हा तिने हॅमिश प्रॉक्टरला पाहिलं नव्हतं.

हॅमिश त्या कंपनीचा मालक. उंच, लालबुंद, मनाने मोकळा, आणि बोलायला लागला की थांबवण्याचं बटण सापडू नये असा. बसमधून उतरायच्या आधीच त्याचा आवाज उतरला. त्याची सगळी व्यवस्था बघणारी फिलिपा नावाची बारीकशी बाई मागून येत होती, तिने लॉरीनचा हात हातात घेतला आणि नुसता दाबला. त्या दाबण्यातच सगळं आलं.

मावशीने धूर केला, पाहुण्यांना त्यातून जायला लावलं, चार वाक्यं बोलली आणि आपल्या झाडाखाली जाऊन बसली. हॅमिश तिच्यामागोमाग गेला. दुखरा गुडघा सांभाळत तिच्या शेजारी वाळूत बसला आणि त्याने विचारलं की माणसांचं नेतृत्व कसं करावं, याबद्दल तिचे पूर्वज काय सांगून गेले आहेत. मावशी म्हणाली, चहा झाल्यावर बघू. चहा झाल्यावर तो पुन्हा आला. मावशी चित्र काढायला बसली, तिथे तो हजर. मावशी कुत्र्यांना घालायला उठली, तर हा भांडं धरायला पुढे, आणि तोंडाने चालूच. त्याचा हेतू वाईट नव्हता. कंपनीसाठी काहीतरी मोठं शिकून जायचं, असं तो मनापासून ठरवून आला होता. पण दिवस कलायला लागला तशी मावशी डोळे मिटून घ्यायला लागली, आणि ते डोळे मिटणं म्हणजे ध्यान आहे असं समजून हॅमिश तेवढा वेळ आवाज खाली आणून बोलायचा.

जेवणाआधी मावशीने सगळ्यांना शेकोटीभोवती बोलावलं. म्हणाली, तुम्हाला हाक कशी मारायची हेच आम्हाला कळत नाही. नात्यात नसलेल्या माणसाशी वागायचं तरी कसं? तेव्हा आज तुम्हाला नाती देते. पाहुणे खूश झाले. फिलिपा नात झाली. गाद्या शिवणारा आयव्हर नावाचा म्हातारा कारागीर होता, तो भाऊ झाला. अशी एकेकाची सोय लावत मावशी शेवटी हॅमिशपाशी आली आणि म्हणाली, "हा माझा जावई."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. हॅमिशचे डोळे भरून आले. तो मावशीचा हात धरायला पुढे झाला, तशी मावशीने पदरासारखी घोंगडी तोंडावर ओढली, त्याच्याकडे पाठ केली आणि चालू लागली.

आता हे लॉरीनला समजावून सांगावं लागलं. सासूने आणि जावयाने एकमेकांचं तोंड बघायचं नाही. बोलायचं नाही. एका छपराखाली बसायचं नाही. सासू दिसली की जावयाने वाट बदलायची. यात राग-लोभ काही नाही, हा मान आहे, सगळ्यात मोठा मान.

"अजिबात बोलायचं नाही?" हॅमिशने विचारलं.

"अजिबात नाही."

"कधीपर्यंत?"

"कायमचंच असतं ते."

फिलिपाने मान वळवली. तिचे खांदे हलत होते. लॉरीनलाही हसू फुटणार होतं, तेवढ्यात समोर तिचा मामेभाऊ सेड्रिक दिसला. बस चालवणं, शिकार, शेकोटी, सगळं त्याच्याकडे. तो तंबूच्या खांबाला धरून इतका हसत होता की तंबू पडायला आला होता, आणि तो हॅमिशकडे बघून हसत नव्हता, लॉरीनकडे बघून हसत होता. मग तिच्या डोक्यात उजेड पडला. आमच्यात मावशी म्हणजे आईच. मावशीचा जावई म्हणजे मावशीच्या मुलीचा नवरा. मावशीला पोटची मुलगी नाही. आहे ती लॉरीन.

ती तडक मावशीच्या घरी गेली. मावशी चुलीपुढे पाय पसरून बसली होती, चेहऱ्यावर पहिल्यांदाच समाधान होतं.

"मावशी, मला न विचारता माझं लग्न लावलंस?"

"नुसतं नात्यातलं आहे ग. त्याच्याबरोबर राहायला जा असं नाही म्हटलं."

"अख्खी वस्ती हसतेय मला. भाऊ करायचास, मामा करायचास."

"भाऊ येऊन शेजारी बसतो. मामा जेवायला येतो. जावई तेवढा लांब राहतो." मावशीने चहाचा घोट घेतला. "आणि वाईट काय आहे? उंच आहे, धंदा आहे. तुझ्या पहिल्या नवऱ्याच्या वेळी विचारलं होतं मी तुला. काय उजेड पडला?"

लॉरीन तशीच माघारी फिरली. दिलेलं नातं परत घेता येत नव्हतं.

सकाळी दुकानातल्या बायकांनी तिला पाव देताना विचारलं की एकच पुरेल का, आता दोघं आहात. पोरींनी विचारलं, मेलबर्नला कधी निघणार. सेड्रिक तर हॅमिशला सगळ्यांदेखत "दाजी" म्हणू लागला, आणि हॅमिशने फिलिपाला तो शब्द नीट लिहून घ्यायला सांगितला. लॉरीन खाली मान घालून कामाला लागली. पण एक गोष्ट तिच्या लक्षात आली. काल तिने तीन वेळा सांगूनही हॅमिशने तंबूंमधली वाट अडवणारा आपल्या कंपनीचा मोठा फलक हलवला नव्हता. आज तिने नुसतं बघितलं, तर त्याने स्वतः उचलून बाजूला नेला.

खरी पंचाईत दुपारी झाली. शेडमध्ये मावशी पाहुण्यांशी बोलणार असं ठरलेलं, आणि हॅमिशलाही तिथे बसायचं होतं. फिलिपाच्या तोंडचं पाणी पळालं. लॉरीनने तोडगा काढला: हॅमिशने शेडच्या मागे, पत्र्याला पाठ लावून बसायचं. पत्रा पातळ आहे, सगळं ऐकू येईल. मात्र मध्येच उठून आत जाईल अशी भीती होती, म्हणून ती स्वतः चहाचं डबडं घेऊन त्याच्या शेजारी बसली. सेड्रिकने लांबून दोघांना पाहिलं आणि आदराने टोपी काढली.

मावशी पाण्याबद्दल बोलली. कुठला झरा कुणी सांभाळायचा, कुणी कुणाला विचारून तिथे जायचं. तेवढं झाल्यावर पाहुण्यांनी काही विचारायच्या आधी तिनेच विचारलं, "तुमचा तो माणूस इतकं का बोलतो?"

बाहेर हॅमिशच्या हातातला मग मध्येच थांबला.

मग आत कुणीतरी हसलं आणि बांध फुटला. मालक समोर नव्हता, दिसतही नव्हता, आणि माणसं वाळूत मांडी घालून बसली होती. एक म्हणाला, माझं अर्धं वाक्य होतं आणि उरलेलं ते पूर्ण करतात, तेही चुकीचं. दुसरी म्हणाली, कारखान्यात त्यांना भोंगा म्हणतात, सकाळी वाजला की कळतं सुटका नाही. हॅमिश उठायला लागला. लॉरीनने त्याच्या बाहीला धरलं.

"आत तुमची सासू आहे," ती म्हणाली.

तो बसला. कान लाल झाले होते.

शेवटी आयव्हर बोलायला लागला. म्हणाला, ते पूर्वी असे नव्हते. दोघे भाऊ होते. धाकटा बोलायचा, हे ऐकायचे. धाकटा गेला, आणि कारखान्यात जी शांतता झाली ती यांना सोसली नाही. तो भावाचं नाव घेणार, तेवढ्यात मावशी म्हणाली, "नाव नको घेऊ, भाऊ. आमच्यात गेलेल्याचं नाव लगेच घेत नाहीत. त्याला त्रास होतो. मागे राहिलेल्यालाही."

आतल्या कुणीच नाव घेतलं नाही. बाहेर हॅमिश समोरच्या टेकडीकडे बघत होता. लॉरीनला वाटलं, काहीतरी बोलावं. पण हॉटेलात शिकलेली सगळी वाक्यं तिला त्या वेळी खोटी वाटली, म्हणून तिने त्याच्या मगात आणखी चहा ओतला. आतलं बोलणं संपून माणसं पांगली तरी दोघं तशीच बसून होती. उठताना तो म्हणाला, "चहात साखर फार आहे." तेवढंच.

संध्याकाळी तो सेड्रिककडे गेला आणि जावयाने काय काय करायचं असतं ते विचारलं. सासूला मांस द्यायचं, सेड्रिकने सांगितलं. दुसऱ्या दिवशी पहाटे दोघं शिकारीला गेले. गाडी वाळूत रुतली, ती काढण्यात सकाळ गेली. कांगारू दिसला एकच, तोही मागे वळून सावकाश बघत निघून गेला. सेड्रिक नंतर शपथेवर सांगायचा की दाजी पूर्ण वेळ गप्प होते, कांगारूच हुशार होता. मग दोघांनी येता येता वस्तीच्या दुकानात शिरून फ्रीजमधून एक कांगारूची शेपटी घेतली. ती केसाळ, दगडासारखी गोठलेली शेपटी हातांवर आडवी धरून हॅमिश मावशीच्या घरापासून बऱ्याच अंतरावर उभा राहिला. पाठमोरा. लॉरीन ती घेऊन आत गेली.

मावशीने शेपटी वर-खाली करून बघितली. "याहून जाड नव्हती?"

"होती ती एवढीच होती, मावशी."

"बरं. पण आणली ना."

बस सुटायच्या वेळी वस्ती गोळा झाली. फिलिपाने मावशीला मिठी मारली, आयव्हरने सेड्रिकला आपली कात्री दिली. हॅमिश लॉरीनपाशी आला. त्याला काहीतरी विचारायचं होतं आणि या वेळी शब्द सापडत नव्हते.

"हे नातं," तो म्हणाला. "म्हणजे तुम्हाला काही अडचण..."

"तुम्ही मेलबर्नला राहता," लॉरीन म्हणाली. "माझ्यासारखीला असाच नवरा बरा."

तो मोठ्याने हसला. बायका तर हसतच होत्या. लांब झाडापलीकडे मावशी पाठमोरी उभी होती. बस हलली तसा तिने मागे न बघता एक हात वर केला, आणि हॅमिशने खिडकीतून दुसरीकडे बघत हात हलवला.

त्या रात्री राखेत भाजलेली शेपटी मावशीने आणि लॉरीनने हाताने सोलून खाल्ली. काही आठवड्यांनी फिलिपाचा फोन आला. माणसं म्हणतात, पुढच्या हिवाळ्यात पुन्हा यायचं. साहेब हल्ली बैठकीत पाठमोरे बसतात आणि शेवटी बोलतात. मधूनमधून विसरतात, पण बसतात. तर जमेल का?

लॉरीनने फोन हाताने झाकून मावशीला विचारलं.

"येऊ दे की," मावशी म्हणाली. "मी तेव्हा बहिणीकडे जाईन."

"मग स्वागत कोण करणार?"

"तू कर. तुझाच नवरा येतोय."

लॉरीनने फोन पुन्हा कानाला लावला आणि तंबू किती लागतील ते विचारलं.